१९३०च्या दशकातले अनोळखी भयपट कसे पाहावेत : आधी प्रत, मग खोली, मग क्रम

“वीस मिनिटांत बंद केला रे. काही घडतच नाही त्यात.”

बोलपटांच्या सुरुवातीच्या वर्षांतला एखादा भयपट कुणाला सुचवला, की आठवड्याभरात असा निरोप येतोच. मी उलट एवढंच विचारतो : कुठली प्रत पाहिलीस? उत्तर ठरलेलं असतं. यूट्यूबवर पहिली सापडली ती, मोबाइलवर, जेवता जेवता. म्हणजे त्या बिचाऱ्याने चित्रपट पाहिलेलाच नसतो. चौथ्या-पाचव्या हाताच्या प्रिंटची धुरकट नक्कल पाहिलेली असते, तीही दोन्ही बाजूंनी ताणलेली आणि आवाज गाळलेली.

ही चूक मीही केली आहे. पाच जणांना घरी बोलावून ‘व्हाइट झाँबी’ (१९३२) लावला होता. साखर कारखान्याच्या प्रसंगापर्यंत एक जण घोरत होता आणि दुसरा शेंगा सोलत होता. दोन वर्षांनी चांगली प्रत मिळाली, तेव्हा त्याच प्रसंगात त्याच शेंगावाल्याचा हात ताटलीतच थांबला.

खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. लोक नेमके आधीचे टप्पे सोडून थेट पाहायला बसतात. १९३१चे इंग्रजी ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून ते इथे फक्त उदाहरणापुरते येतील.

## १. नाव, वर्ष आणि दिग्दर्शक लिहून घ्या

शोधायला बसण्याआधी कागदावर तीन गोष्टी हव्यात : नाव, साल, दिग्दर्शक. नुसत्या नावावर शोधलंत की हमखास भलतंच हाती लागतं, कारण या चित्रपटांची नावं पुढे पुन्हा पुन्हा वापरली गेली.

‘द ब्लॅक कॅट’ हवा तो १९३४चा, एडगर उल्मरचा. तो काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओनेच १९४१मध्ये त्याच नावाचा दुसरा चित्रपट काढला आणि त्यातही नट बेला लुगोसी आहे, त्यामुळे चेहरा पाहूनही फसायला होतं. ‘द ओल्ड डार्क हाउस’ हवा तो जेम्स व्हेलचा, १९३२चा. १९६३चा वेगळा. ‘द घूल’ नट बोरिस कार्लोफचा, १९३३चा, ब्रिटिश. १९७५चा नव्हे. ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ रूबेन मामूलियनचा, १९३१चा. १९४१चा त्याच कथेवरचा, पण निराळा.

उलटाही घोळ होतो, एकच चित्रपट दोन नावांनी फिरतो. उल्मरचा ‘द ब्लॅक कॅट’ ब्रिटनमध्ये ‘हाउस ऑफ डूम’ या नावाने लागला होता आणि पीटर लॉरीची भूमिका असलेला ‘मॅड लव्ह’ (१९३५) ‘द हँड्स ऑफ ऑर्लाक’ म्हणून.

सावधान : जे उरलेलंच नाही ते शोधत बसू नका. ‘द टेरर’ (१९२८) आणि ‘द कॅट क्रीप्स’ (१९३०) हे हरवलेले चित्रपट आहेत. त्यांच्या नावाखाली ‘पूर्ण चित्रपट’ असं लिहिलेलं काही दिसलं तर तो दुसराच चित्रपट असतो, नाहीतर छायाचित्रांची जुळवाजुळव. ‘फ्रीक्स’ (१९३२) प्रदर्शनाआधी सुमारे ९० मिनिटांचा होता. आज आहे तो ६४ मिनिटांचा, आणि तोच पूर्ण समजायचा. कापलेला भाग कुणाकडेच नाही.

## २. प्रत निवडा (निम्मा वेळ इथेच घालवा)

या मार्गदर्शकातलं एकच कलम पाळणार असाल तर हे पाळा. बाकी सगळं यानंतर.

यातले बरेच चित्रपट अमेरिकेत प्रताधिकारमुक्त झाले आहेत. ‘व्हाइट झाँबी’, ‘द व्हँपायर बॅट’ (१९३३) आणि ‘द मोस्ट डेंजरस गेम’ (१९३२) ही त्यातली ठळक नावं. प्रताधिकार नाही म्हणजे कुणीही, कसलीही प्रत काढून विकू शकतो. १६ मिलिमीटरच्या झिजलेल्या प्रिंटवरून व्हिडिओ टेप, टेपवरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून इंटरनेट. दर पायरीला काळा रंग राखाडी होत जातो आणि कुजबुज खरखरीत बुडते. सहज सापडणाऱ्या चित्रपटाची प्रतच बहुधा सगळ्यात वाईट निघते, ती यामुळे.

चांगली प्रत शोधताना पुनर्संस्करण (जुन्या फिल्मची दुरुस्ती) कुणी केलं ते बघा. ‘द ओल्ड डार्क हाउस’ बरीच वर्षं हरवल्यात जमा होता. १९६८मध्ये दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टनने मागे लागून युनिव्हर्सलच्या तिजोरीतून त्याची मूळ सामग्री बाहेर काढायला लावली. २०१७चं ४के पुनर्संस्करण आलं आणि तोवरच्या सगळ्या प्रती बाद झाल्या. ‘मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम’ (१९३३) आणि ‘डॉक्टर एक्स’ (१९३२) या मायकल कर्टिझच्या दोन्ही चित्रपटांची नवी पुनर्संस्करणं यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयाच्या कामातून २०२०च्या आसपास डिस्कवर आली. ‘द व्हँपायर बॅट’सुद्धा तिथेच सुधारला गेला. ‘द घूल’ची तर दोन आयुष्यं आहेत. १९६९मध्ये चेकोस्लोव्हाकियात सापडलेली प्रिंट अर्धवट, खराब आणि चेक उपशीर्षकं छापलेली होती. पुढे १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये चांगली निगेटिव्ह मिळाली. तुमच्या प्रतीत चित्रावरच चेक अक्षरं दिसली तर तिथेच थांबा आणि दुसरी शोधा.

डिस्क परदेशातून मागवणार असाल तर रीजन बघा. भारत ब्ल्यू-रेसाठी रीजन सीमध्ये येतो, अमेरिका एमध्ये, ब्रिटन बीमध्ये. डीव्हीडीला आपला क्रमांक ५, अमेरिकेचा १, ब्रिटनचा २. प्लेअर रीजन-फ्री नसेल तर अडीच-तीन हजारांची डिस्क चहाच्या कपाखाली ठेवायला उरते. अमेरिकेत किंवा लंडनला राहणाऱ्या भावंडाकडून मागवणाऱ्यांनी हे ‘ऑर्डर कर’ म्हणण्याआधी तपासावं.

मिळालेली प्रत आधी पाच मिनिटं तपासायची. चित्रपट बघायचा नाही, फक्त या गोष्टी :

चालण्याचा वेळ. ‘द ओल्ड डार्क हाउस’ सुमारे ७२ मिनिटं, ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ (१९३२) ७०, ‘मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम’ ७७, ‘द ब्लॅक कॅट’ ६५, ‘मॅड लव्ह’ ६८, मामूलियनचा ‘जेकिल’ ९८. आकडा कमी दिसला म्हणून लगेच ‘कापलाय’ असं ठरवू नका. युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून ७५ मिनिटांचा चित्रपट ७२ मिनिटांत संपतो. चार टक्क्यांपर्यंतचा फरक वेगाचा धरा, त्याहून जास्त असेल तर कात्रीचा.

सुरुवातीच्या पाट्या. अमेरिकेत जुलै १९३४पासून चित्रपटांत काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या नीतिसंहितेची अंमलबजावणी कडक झाली आणि त्यानंतरच्या चित्रपटांवर मंजुरीचा शिक्का व क्रमांक येऊ लागला. १९३२च्या चित्रपटाच्या सुरुवातीला असा शिक्का दिसला, तर ती नंतरच्या पुनःप्रदर्शनाची प्रत असते आणि कात्री लागलेली असण्याची दाट शक्यता. मामूलियनच्या ‘जेकिल’ची १९३६मध्ये अशीच काटछाट झाली. युनिव्हर्सलच्या चित्रपटावर ‘रिअलआर्ट’ या पुनःप्रदर्शन करणाऱ्या कंपनीचं नाव आलं तरी तेच समजायचं.

चेहरे. कातडीवर बारीक दाणे हलताना दिसले पाहिजेत. ती घाण नाही, ती फिल्म आहे. चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला असेल तर कुणीतरी संगणकावर दाण्यांबरोबर तपशीलही पुसलाय.

काळा कोट. काळ्या कोटातला माणूस अंधारात उभा असेल तर कोटाची कड दिसायला हवी. काळ्या भागात चौकोनी ठोकळे नाचत असतील तर फाइल फार दाबली आहे. तासाभराचा चित्रपट तीनशे एमबीत बसवला की असंच होणार.

संगीत. यात सगळ्यात जास्त लोक फसतात. प्रताधिकारमुक्त चित्रपटांवर हौशी मंडळी स्वतःचं पार्श्वसंगीत चढवून टाकतात. १९३१-३२च्या चित्रपटात पहिल्यापासून शेवटपर्यंत सिंथेसायझर गुणगुणत असेल तर ती प्रत टाकून द्या. नुसतं ‘संगीत आहे’ म्हणून मात्र टाकू नका. ‘व्हाइट झाँबी’त, ‘व्हाम्पिर’मध्ये (१९३२) आणि ‘द ब्लॅक कॅट’मध्ये मूळचंच भरपूर संगीत आहे.

सावधान : रंगवलेली, सेकंदाला ६० चौकटींची केलेली किंवा ‘एआयने ४के केलेली’ प्रत घेऊ नका. ‘डॉक्टर एक्स’बद्दल एक अपवाद लक्षात ठेवा. तो मूळचाच रंगीत आहे. शिवाय कृष्णधवल आवृत्तीही त्याच वेळी वेगळी चित्रित झाली होती, त्यामुळे तुम्हाला कृष्णधवल मिळाला तर ती खराब प्रत नव्हे. पण पहिल्यांदा रंगीतच बघा.

## ३. उपशीर्षकं आधी जुळवा

इंग्रजी चांगलं येतं म्हणून उपशीर्षकं बंद ठेवणारे दहाव्या मिनिटाला धागा सोडतात. १९३०चा मायक्रोफोन, रंगमंचावरून आलेल्या नटांचे उच्चार, आणि ‘डॉक्टर एक्स’मधल्या ली ट्रेसीसारखा तोफेगत बोलणारा वार्ताहर. इंग्रजी उपशीर्षकं लावाच. आपोआप तयार झालेली नकोत, ती खरखरीलाही शब्द समजतात.

वेगळी फाइल जोडत असाल तर सुरुवातीचा एक आणि शेवटाकडचा एक असे दोन संवाद तपासा.

दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर नुसतं पुढेमागे सरकवायचं आहे. संगणकावरच्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी ते होतं. फरक वाढत जात असेल, म्हणजे दहाव्या मिनिटाला साधारण २४ सेकंद आणि विसाव्याला ४८, तर उपशीर्षकं २४ चौकटींची आणि चित्रपट २५चा, किंवा उलट. सरकवून हे कधीच जुळणार नाही, दुसरी फाइल घ्या. मध्येच एका जागी उडी पडत असेल, तर तुमच्या प्रतीत तिथला तुकडा गायब आहे. म्हणजे टप्पा २कडे परत.

‘व्हाम्पिर’साठी आणखी एक तपासणी. त्यात नायक एक पुस्तक वाचतो आणि त्याची पानं पडद्यावर दिसतात. कथेचा बराच भार त्या पानांवर आहे. तुमची उपशीर्षकं फक्त संवादांची असतील आणि पानांचा अनुवाद नसेल, तर चित्रपट निम्मा कळेल.

## ४. पडदा नीट लावा

हे चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत. १९३२पासून १.३७ : १ हे प्रमाण ठरलं. त्याआधी आवाजाची पट्टी फिल्मवरच छापायची म्हणून चित्र आणखी अरुंद झालं होतं, १.१९ : १च्या आसपास. ‘व्हाम्पिर’ त्याच अरुंद चौकटीतला आहे.

टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते पाहून घरातलं कुणीतरी रिमोट उचलतं आणि ‘पूर्ण पडदा’ करतं. रिमोट लपवा. ताणलं की माणसं बुटकी होतात, झूम केलं की डोक्यावरचं छत आणि पायाखालची जमीन जाते. या चित्रपटांत भीती असते ती तिथेच, उंच छतात आणि लांब सावलीत.

तपासा : ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. १.३७च्या चित्रपटाचं चित्र सुमारे ७३ सेंटिमीटर यायला हवं, ‘व्हाम्पिर’चं सुमारे ६४. शिवणकामाची टेप लावून बघा, लाजू नका. टेप नसेल तर पडद्यावर घड्याळ किंवा चंद्र येईपर्यंत थांबा, तो गोल दिसला पाहिजे.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ नावाचं जे काही असेल ते बंद. ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. शार्पनेस तळाशी. सुरुवातीच्या पाट्यांमागचा काळा रंग पाहत ब्राइटनेस वाढवा. काळ्याचा राखाडी होऊ लागला की एक घर मागे या.

दोनरंगी टेक्निकलरचे चित्रपट लावलेत की रंगाला हात लावू नका. ‘डॉक्टर एक्स’ आणि ‘मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम’मध्ये फिल्मवर दोनच रंग नोंदले गेले, एक लालसर-नारिंगी आणि एक हिरवट-निळा. खरा निळा नाही, खरा पिवळा नाही. चेहरे नारिंगी गुलाबी आणि सावल्या शेवाळी दिसणार, आणि तसंच दिसायला हवं. एका मित्राने ‘टीव्ही बिघडला’ म्हणून अर्धा तास रंग जुळवला आणि चेहरे ‘सुधारता सुधारता’ सगळ्या सावल्यांचा चिखल केला.

## ५. खोली आणि कान

रात्री दहानंतर लावा. भुतांमुळे नव्हे, कुकर, हॉर्न आणि शेजारची मालिका थांबलेली असते म्हणून.

आवाजाचं गणित समजून घ्या, नाहीतर या काळातला प्रत्येक चित्रपट संथ वाटेल. बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांत संवादाखाली सतत संगीत ठेवायची रीत रुळलेली नव्हती. माणूस जिना चढतो, दार ढकलतो, आणि कानावर काहीच पडत नाही. आजचा प्रेक्षक त्या शांततेत फोन उचलतो. पण ती रिकामी जागा पावलाच्या, वाऱ्याच्या, दाराच्या आवाजासाठी ठेवलेली असते. ‘द ओल्ड डार्क हाउस’मध्ये पाऊस आणि वारा जवळजवळ सबंध चित्रपटभर घराभोवती घुमतात. डोक्यावर पंखा फुल्ल असेल तर तो वारा आणि तुमचा पंखा यांत फरक कळत नाही. पंखा एकवर आणा. उकडत असेल तर हेडफोन लावा आणि पंखा पाचवर चालू द्या.

मूळ आवाज मोनो आहे. साउंडबारचं ‘सराउंड’ आणि ‘बास बूस्ट’ बंद करा, त्याने फक्त खरखर मोठी होते. पहिल्या प्रसंगातला साधा संवाद नीट ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि मग रिमोट खाली. शांत जागी आवाज वाढवत बसलात, तर पुढच्या किंकाळीला शेजारी दार वाजवतील.

तपासा : थोडी खरखर चालते. दहा मिनिटांत कान तिला विसरतात. पण बोलणं पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडत असेल, तर खरखर काढायच्या नादात कुणीतरी आवाजच खरवडला आहे. तो कानाला कधीच सवयीचा होत नाही. प्रत बदला.

दिवे सगळे घालवा असं मी म्हणणार नाही. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा असला तर काळ्या रंगाच्या छटा जास्त दिसतात. ट्यूबलाइट मात्र नको. पडद्यात तुमचंच प्रतिबिंब दिसलं तर त्याच्याहून भीतिदायक काही उरत नाही.

## ६. पाहण्याचा क्रम : एका वेळी एकच नवी अडचण

उत्साही माणूस कुठल्याशा यादीतलं सगळ्यात मोठं नाव उचलतो, ते निघतं ‘व्हाम्पिर’, आणि तिथेच त्याचा प्रवास संपतो. या चित्रपटांत आजच्या डोळ्याला अडणाऱ्या गोष्टी पाच-सहा आहेत : संगीत नसणं, विनोदाची भेसळ, विचित्र रंग, खराब प्रिंट, परकी भाषा, स्वप्नासारखी कथा. त्या एकदम अंगावर घेऊ नका. मी लोकांना हा क्रम देतो.

पहिला : ‘द ओल्ड डार्क हाउस’ (जेम्स व्हेल, १९३२). वादळी रात्र, वेल्समधलं एकाकी घर, अडकलेले प्रवासी, विक्षिप्त घरमालक. कथा सरळ आहे, म्हणून सगळं लक्ष शांततेची सवय करण्यात घालवता येतं. इथली ठरलेली चूक म्हणजे लोक हसतात आणि मग ‘हसू आलं म्हणजे फसला’ असं समजतात. व्हेलला हसवायचंच आहे. आपल्या तमाशात सोंगाड्या मध्येच येऊन गंभीर प्रसंगाची टोपी उडवतो, तसंच हे. हसा, पण जिन्यावरची नजर काढू नका.

दुसरा : ‘आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स’ (अर्ल केंटन, १९३२). एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरचा, चार्ल्स लॉटन मुख्य भूमिकेत. संगीत इथेही अगदी कमी, आणि विनोदाचा आधारही काढून घेतलेला. ब्रिटनमध्ये यावर १९५८पर्यंत बंदी होती, का ते शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. लहान मुलांना सोबत बसवू नका.

तिसरा : ‘मिस्ट्री ऑफ द वॅक्स म्युझियम’ (मायकल कर्टिझ, १९३३). नवी अडचण फक्त रंगाची. सुरुवातीला मेणाचे पुतळे आगीत वितळतात, तिथेच नारिंगी आणि शेवाळी रंगांशी ओळख करून घ्या. मधला वार्ताहर मुलीचा चटपटीतपणा काहींना खटकतो. तो काळाचा भाग आहे, सोसा. आवडला तर मागोमाग ‘डॉक्टर एक्स’, पण त्याच रात्री नको.

चौथा : ‘द ब्लॅक कॅट’ (एडगर उल्मर, १९३४). आता एकदम उलटं. लिस्ट, शूमान, बेथोवेन यांचं संगीत जवळजवळ सतत चालू. जवळजवळ संगीताविना गेलेल्या तीन रात्रींनंतर हे ऐकलं की संगीत प्रसंगाला किती ओढून नेतं ते कानाला स्पष्ट कळतं. म्हणूनच हा आधी पाहायचा नाही. कार्लोफ आणि लुगोसी पहिल्यांदा समोरासमोर आले ते यातच. कथेतले सांधे नीट जुळत नाहीत, जुळवत बसू नका. घराकडे बघा. पडक्या गढीऐवजी काचेचं आणि सरळ रेषांचं आधुनिक घर आहे ते.

पाचवा : ‘व्हाइट झाँबी’ (व्हिक्टर हॅल्परिन, १९३२). आता थोडी झिजलेली प्रिंट सोसायची तयारी झालेली असते. साखर कारखान्याचा प्रसंग डोळे मिटूनही ऐकावा असा आहे, लाकडी यंत्राची करकर आणि मेलेल्या माणसांची एकसुरी चाल. सुरुवातीलाच लुगोसीचे डोळे पडदाभर तरंगतात. ‘अमृतमंथन’मधला (१९३४) राजगुरूचा पडदाभर डोळा पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. मराठीत तो डोळा केशवराव दात्यांचा होता, हिंदीत चंद्रमोहनचा. कथा हैतीत घडते. तिथल्या कृष्णवर्णीय माणसांचं चित्रण मात्र जुन्या पूर्वग्रहांनी भरलेलं आहे, हे सोबत बसणाऱ्यांना आधीच सांगा.

सहावा : स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ (जॉर्ज मेलफर्ड, १९३१). दिवसा इंग्रजी चित्रपट व्हायचा आणि रात्री त्याच सेटवर दुसऱ्या नटसंचाचा स्पॅनिश. ही रीत आपल्याला परकी नाही. ‘प्रभात’नेही १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत असा वेगवेगळा काढला होता. हा १०४ मिनिटांचा आहे, आत्तापर्यंतच्या सगळ्यांहून लांब, म्हणून सहावा. याचा एक भाग इतका खराब झाला होता की तो क्युबातल्या प्रिंटवरून भरून काढावा लागला. मध्येच चित्राचा पोत बदलला तर दचकू नका. तुलना करायची तर सबंध चित्रपटाची नको. किल्ल्याच्या जिन्यावर ड्रॅक्युला पहिल्यांदा भेटतो तेवढाच प्रसंग दोन्हींत पाहा. इंग्रजीत कॅमेरा काय करतो आणि स्पॅनिशमध्ये तो जिन्यावर कसा सरकत जातो, एवढं पुरे.

सातवा : ‘व्हाम्पिर’ (कार्ल थिओडोर ड्रायर, १९३२). शेवटी, आणि एकट्याने. संवाद मोजके, तेही नंतर ध्वनिमुद्रित केलेले. लेन्सपुढे तलम कापड धरून बरंच चित्रण झालं आहे, त्यामुळे धुरकटपणा प्रतीचा दोष नाही. मूळ निगेटिव्ह हरवल्या आहेत, जे आहे ते उरलेल्या प्रिंट जोडून केलेलं. इथे मात्र टप्पा २ची ‘धुरकट म्हणजे वाईट’ ही कसोटी वापरू नका. कापडाचा धुरकटपणा उजेडात पसरतो, खराब नकलेचा सगळीकडे सारखा असतो. सावल्या माणसांपासून सुटून चालतात तो प्रसंग पाहा, फरक कळेल. ‘आता हा इथे कसा आला?’ असं विचारू लागलात की झोप येईल.

सावधान : तासाभराचेच आहेत म्हणून एका रात्री तीन लावू नका. तिसऱ्यापर्यंत सगळे जिने एकसारखे दिसू लागतात. आठवड्याला एक.

## ७. प्रत्यक्ष पाहताना

मध्यंतर करू नका. आपल्या हाडात मध्यंतर भिनलेलं आहे, पण ६५ मिनिटांच्या चित्रपटात चहाला उठलात की साचत आणलेली शांतता सांडते. चहा आधी.

पहिली दहा मिनिटं कोणताही निर्णय घ्यायचा नाही. बहुतेक चित्रपटांत हा वेळ कान आणि डोळे जुळवून घेण्यातच जातो.

नट जागचे हलत नाहीत, कॅमेराही हलत नाही, अशी तक्रार १९२९-३०च्या चित्रपटांबद्दल फार येते. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून तो बंद पेटीत कोंडलेला असायचा. अशा स्थिर चौकटीत चेहऱ्यावर डोळे खिळवून ठेवू नका. चौकटीच्या कडा बघा : अर्धवट उघडं दार, पडद्यामागची हालचाल, टेबलावरचा हात. १९३२पर्यंत कॅमेरा बराच मोकळा झाला होता, ते वरच्या यादीत दिसेलच.

एखाद्या जागी वाक्य अर्ध्यात तुटलं किंवा भलत्याच वेळी गडगडाट झाला तर वेळ लिहून ठेवा. ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या पुनःप्रदर्शनात देवाचा उल्लेख असलेलं वाक्य विजेच्या कडकडाटाखाली दाबलं होतं, तसा प्रकार असू शकतो.

आणि आधी कथासार वाचू नका. ज्ञानकोशात या चित्रपटांचा शेवट तिसऱ्याच ओळीत असतो. भित्तिपत्रकं आणि छायाचित्रंही टाळा, ‘वॅक्स म्युझियम’चा सगळ्यात मोठा धक्का कित्येकांनी थंबनेलमध्येच खाल्लेला असतो.

## ८. पाहून झाल्यावर

वहीत चार ओळी पुरतात : नाव आणि साल, कुठली प्रत, किती मिनिटं चालली, कुठे अडलो. ‘कसा वाटला’ हे दुसऱ्या दिवशी लिहा.

अडलो या रकान्यात ‘कंटाळा’ लिहिलं असेल तर लगेच पुढच्या चित्रपटाकडे जाऊ नका. त्याच चित्रपटातला एक शांत प्रसंग निवडा, पंखा बंद करा, हेडफोन लावा, पाच मिनिटं पुन्हा बघा. तरीही काही झालं नाही तर तो चित्रपट तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. ‘व्हाइट झाँबी’तला प्रेमाचा भाग मला आजही झेपत नाही. मी तो कारखान्यासाठी लावतो.

दुसऱ्याला सुचवताना नुसतं नाव पाठवू नका. साल, दिग्दर्शक, तुम्ही पाहिलेली प्रत आणि चालण्याचा वेळ, सगळं एकाच निरोपात पाठवा. नाहीतर आठवड्याभरात तुम्हालाही तोच निरोप येईल, आणि तोवर त्याने जेवता जेवता मोबाइलवर ‘व्हाम्पिर’ लावलेला असेल.